सप्टेंबरात केप कोरल, दादाची बोट आणि ढग
सप्टेंबरात फ्लोरिडातल्या केप कोरलला बोटिंगला चाललोय म्हटल्यावर आई फोनवर ओरडलीच. तिचंही बरोबर आहे म्हणा, आमच्या दापोलीकडे नारळी पौर्णिमेआधी होडी कोण पाण्यात घालतंय. पण इथे हरिकेन सीझन १ जून ते ३० नोव्हेंबर, म्हणजे अर्धं वर्ष, आणि तेवढे दिवस बोट झाकूनच ठेवायची तर घेतली कशाला, असं माझ्या चुलतभावाचं, म्हणजे दादाचं, म्हणणं.

दादा मात्र हवामानाच्या बाबतीत भयंकर कडक माणूस. मायामीचं नॅशनल हरिकेन सेंटर वादळ असलं की दर सहा तासांनी अंदाज काढतं, रात्री ११ चा बघून झोपला आणि पहाटे ५ चा बघायला उठला. एक वादळ होतं, पण पार आफ्रिकेच्या बाजूला, मी म्हटलं नकाशात वादळाचा अंदाजे मार्ग दाखवणारा जो कोन (शंकूसारखा पट्टा) असतो त्याच्या बाहेर आहोत ना मग झालं, तर म्हणाला, "अरे कोन फक्त मधल्या केंद्राचा असतो, वारा आणि लाटा त्याच्या बाहेरही पोचतात." शिवाय उन्हाळ्यात इथे दुपारी रोजच्या रोज गडगडाट असतो तो वेगळाच, म्हणून सातला निघायचं आणि जेवायला घरी. कुठे जातोय, कधी परतणार हे वहिनीला लिहून दिलं. पुतणी पाच वर्षांची, २६ फुटांखालच्या चालत्या बोटीत सहाच्या आतल्या पोरांना लाइफ जॅकेट कायद्यानेच लागतं, त्यामुळे तिच्या रडण्याचा उपयोग नव्हता 😄

कालव्यातून कलूसाहाची नदीत आलो, तिथे मॅनटींसाठी (संथ पोहणारे मोठे पाणप्राणी) स्पीड लिमिट, रखडत गेलो. पुढे मिझरेबल माइल नावाचा पट्टा, उलटसुलट करंट, पाणी नुसतं आमटीसारखं उकळत होतं. नंतर पाइन आयलंड साउंड लागला आणि काय सांगू, डॉल्फिन अगदी बोटीला खेटून! कायो कोस्टा बेटावर बोटीनेच जाता येतं, २८ सप्टेंबर २०२२ ला इयन वादळ याच बेटावर आदळलं, वारा ताशी २४० किमी. फोर्ट मायर्स बीचजवळचे मोठाले कोळंबीचे ट्रॉलर उचलून जमिनीवर फेकले गेले होते, दादाने फोटो दाखवले.

बीचवर जरा पाय ओले केले तोवर दादाने पूर्वेकडे हात केला, फुलकोबीसारखा ढग चढत होता, अजून अकराही वाजले नव्हते आणि माझ्या मते भरपूर वेळ होता, पण त्याने चर्चाच केली नाही, सामान उचललं, बोटीच्या व्हीएचएफ रेडिओवर चॅनल १६, म्हणजे संकटात मदत मागायचा चॅनल, लावून ठेवला आणि निघालो. घरी पोचल्यावर तासाभराने असा पाऊस की समोरचा कालवा दिसेना.

वादळ खरंच इकडे वळलं तर काय विचारलं, तर बोट ट्रेलरवर चढवून आत लांब न्यायची, ते जमलं नाही तर कापडी छत वगैरे काढून जादा दोऱ्यांनी बांधायची, बॅटरी आणि बिल्ज पंप (बोटीत साठलेलं पाणी बाहेर टाकणारा) तपासायचा आणि आपण सरळ निघून जायचं. बोट सांभाळत तिच्यावर बसून राहायचं नाही, विमा बोटीचा आहे म्हणाला. तुम्ही कोणी भाड्याने घेणार असाल आणि जन्म १ जानेवारी १९८८ किंवा नंतरचा असेल, तर १० हॉर्सपॉवरपासून पुढच्या बोटीला बोटिंगचं कार्ड किंवा तात्पुरतं सर्टिफिकेट लागतं, आणि हवामानामुळे कॅन्सल झालं तर पैसे परत मिळतात का ते बुकिंगच्या आधीच विचारा.