शिवाथेरियम : गव्याच्या मापाने

राधानगरी-दाजीपूरच्या जंगलात ज्यांनी गव्यांचा कळप पाहिला आहे, त्यांना खूर असलेले जनावर किती अवाढव्य होऊ शकते हे वेगळे सांगायला नको. पूर्ण वाढलेला नर गवा हजार किलोच्या घरात जातो. शिवाथेरियम या नामशेष प्राण्याविषयी वाचताना मी हेच माप हाताशी ठेवले, कारण त्याला सरसकट ‘हत्तीएवढा जिराफ’ म्हणण्याची जी रीत पडली आहे, ती मला पटत नाही.

१८३६ मध्ये ह्यू फॉकनर आणि प्रोबी कॉटली यांनी हिमालयाच्या पायथ्याच्या शिवालिक टेकड्यांत, मार्कंडा नदीच्या परिसरात मिळालेल्या कवटीवरून या प्राण्याचे वर्णन प्रसिद्ध केले. फॉकनर सहारनपूरच्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख, तर कॉटली कालव्यांचे अभियंते. जीवाश्म गोळा करणे हा दोघांच्याही नोकरीचा भाग नव्हता, तरीही पुढच्याच वर्षी लंडनच्या भूवैज्ञानिक संस्थेने त्यांना वोलॅस्टन पदक दिले. कवटीतील नाकाची हाडे बरीच मागे सरकलेली पाहून या प्राण्याला सोंड असावी असा तर्क त्यांनी केला होता. आज हा प्राणी जिराफाच्या कुळातला मानला जातो आणि सोंड चित्रांतूनही गेली आहे.

मला खरे नवल वाटते ते त्याच्या डोक्याचे. नराला डोळ्यांच्या वर दोन आखूड, शंकूसारखी शिंगे आणि त्यांच्या मागे दोन मोठी, पंजासारखी पसरट शिंगे असत. गव्याच्या शिंगात हाडावर कठीण आवरण असते, सांबराचे शिंग निव्वळ हाडाचे असून ठरावीक काळाने गळून पडते. जिराफाच्या कुळातली रीत या दोहोंहून निराळी आहे. जिराफात हाडाचा स्वतंत्र अंकुर कातडीखाली वाढतो, पुढे कवटीला कायमचा सांधला जातो आणि कधीच गळत नाही. एवढे ओझे पेलायला लांब मान कशी चालणार? शिवाथेरियमची मान आखूड व जाड होती, आणि बांध्याने तो जिराफापेक्षा ओकापीला, म्हणजे जिराफाच्या आफ्रिकेतल्या आखूड मानेच्या भाऊबंदाला, जवळचा वाटतो.

आता वजनाकडे येऊ. २०१६ मध्ये ख्रिस्तोफर बासू, पीटर फॉकिंगहॅम आणि जॉन हचिन्सन यांनी उपलब्ध हाडांवरून संगणकावर त्याच्या सांगाड्याची त्रिमितीय जुळणी केली आणि सरासरी अंदाज काढला सुमारे १,२४६ किलो. कमीत कमी ८५७, जास्तीत जास्त १,८१२. म्हणजे आपल्या थोराड गव्याहून तो थोडासा भारी, नर जिराफाच्या बरोबरीचा आणि आशियाई हत्तीच्या निम्म्याच्याही आत. रवंथ करणाऱ्या प्राण्यांत हा आकार दांडगाच म्हणायचा, त्याला फुगवून सांगण्याचे काहीच कारण नाही.

कोल्हापूरच्या परिसरात असे जीवाश्म का सापडत नाहीत, हा प्रश्न साहजिक आहे. आपल्या पायाखालचा काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा आहे, म्हणजे शिवाथेरियमच्या कितीतरी आधीचा. शिवालिकमध्ये मात्र हिमालयातून येणाऱ्या नद्या लाखो वर्षे गाळ आणि वाळू साठवत राहिल्या, त्या थरांत मेलेली जनावरे गाडली गेली आणि त्यांची हाडे टिकली. ज्यांना त्या बाजूला जाण्याचा योग येईल, त्यांनी हिमाचल प्रदेशातील साकेती येथील जीवाश्म उद्यान पाहावे. मार्कंडाच्या काठी १९७४ मध्ये ते उभे राहिले असून तिथे शिवाथेरियमच्या काळातील प्राण्यांच्या मोठ्या प्रतिकृती उघड्यावर मांडल्या आहेत.