भाकर घेऊन परत आले तेव्हा

आज चर्चमध्ये प्रभुभोजनाच्या वेळी (येशूची आठवण म्हणून भाकर आणि द्राक्षारस घेण्याचा विधी) सगळे उठले, माझ्या बाजूचे गृहस्थ मात्र बसूनच राहिले. डोळे मिटलेले. पुढे जाता जाता मी मनात निकाल लावूनही टाकला: काहीतरी मोठं पाप लपवतायत. (नुकतीच नम्रतेवरची प्रार्थना म्हणून झाली होती, हे विशेष!)

बाहेर पडताना तेच सहज म्हणाले, "भावाशी भांडण झालंय. आधी त्याच्याकडे जाऊन येतो, मग पुढच्या वेळी घेईन."

बायबलमधलं मत्तय ५:२३-२४. अर्पण वेदीपाशी ठेव, आधी भावाशी समेट कर. मला पाठ असलेलं, त्यांनी पाळलेलं.

आणि मी? बहिणीशी दोन महिने अबोला धरून भाकर खाऊन आले होते.

येशूच्या 'न्याय करू नका' या वचनाचा अर्थ चुकीला चूक म्हणायचंच नाही, असं मला अजूनही वाटत नाही. मत्तयच्या सातव्या अध्यायात येशू आधी आपल्या डोळ्यातलं मुसळ काढायला सांगतो, मग भावाचं कुसळ. म्हणजे कुसळही काढायचंच आहे. योहान ७:२४ मध्येही तोंड पाहून न्याय करू नका म्हणताना तो यथार्थ न्याय करा असं सांगतोच. पण मी तर तोंडही धड पाहिलं नव्हतं, फक्त मिटलेले डोळे.

बहिणीला फोन लावलाय. उचलत नाहीये. परत लावते.