तुम्ही विचारलंत म्हणून: सामाईक लायब्ररीत ‘नाही’ कोणी म्हणायचं?

कोल्हापुरात दूध संकलनाचं सॉफ्टवेअर करणारी मंडळी भेटली की हा प्रश्न हमखास निघतो. दोन-तीन छोट्या कंपन्यांनी मिळून फॅट आणि एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन घटक) यांवरून दर काढणारी लायब्ररी, म्हणजे इतर प्रोग्रॅममध्ये वापरायचा तयार कोड, ओपन सोर्स (सगळ्यांना खुली) केलेली असते. पहिले काही महिने झकास जातात, मग मर्ज कोणी करायचं, म्हणजे आलेला बदल मूळ कोडमध्ये कोणी घ्यायचा, यावरून गाडी अडते. “एखादी नियमावली सांगा की,” म्हणतात.

मोठ्या प्रकल्पाची वीस पानं उचलून आणू नका, ती कुणी वाचत नाही. एक पान पुरे. ते रेपोमध्येच, म्हणजे कोड असतो त्याच जागी, लायसन्सच्या फाइलशेजारी ठेवा, म्हणजे नियम बदलायचा तरी पुल रिक्वेस्टच (बदल घ्या अशी रीतसर विनंती) लागेल.

त्या पानावर सगळ्यात आधी बदलांची वर्गवारी हवी. दोन नमुन्यांची फॅटची सरासरी ६.२५ आली असं धरा. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतलं ‘राउंड’ फंक्शन बरोबर मध्यावरचा आकडा सम अंकाकडे नेतं, म्हणून एका दशांशापर्यंत ६.२ मिळतो. शेतकऱ्याच्या हिशेबाने तो ६.३ हवा. कुणीतरी एका ओळीचा बदल पाठवतो, टेस्ट पास होतात, दिसायला ती किरकोळ दुरुस्तीच. पण दुसऱ्या कंपनीच्या गिऱ्हाईक संस्थांची बिलं जुन्या आकड्यावर निघालेली असतात. म्हणून ओळी किती बदलल्या हे मोजू नका, उत्तर बदलतं का ते बघा. उत्तर बदलत नसेल तर लिहिणाऱ्याशिवाय एका मेंटेनरची (कोड सांभाळणाऱ्याची) मंजुरी बस झाली. बदलत असेल तर दोन वेगवेगळ्या कंपन्यांतल्या दोघांची मंजुरी, सात दिवसांची मुदत आणि नवा आवृत्ती क्रमांक. शिवाय असा बदल दूध बिलाच्या दहा दिवसांच्या मधोमध सोडायचा नाही, नाहीतर पावत्या एक सांगतात आणि बिल दुसरंच. लायसन्स, नवा मेंटेनर आणि हे पान यांना दोन तृतीयांश मतं आणि चौदा दिवस.

मुदत कशाला, असं विचारतात. भांडणाने प्रकल्प थांबतात त्याहून जास्त ते कुणी उत्तरच न दिल्याने थांबतात. ओपन सोर्स प्रकल्प चालवणाऱ्या अपाचे फाउंडेशनमध्ये मतदान साधारण किमान ७२ तास खुलं ठेवतात, आणि रोजच्या कामात हरकत आली नाही तर संमती धरतात. तुम्हीही तसंच लिहा, फक्त गणपती आणि दिवाळीचे दिवस मुदतीतून वगळा. इथे त्या दिवसांत कोण रिव्ह्यू करणार?

मतं पुरेशी पडलीच नाहीत तर? याला आपल्याकडे तयार तोडगा आहे. सहकारी संस्थेची वार्षिक सभा गणपूर्तीअभावी तहकूब होते आणि अर्ध्या तासाने त्याच जागी भरते; त्या सभेला गणपूर्तीची अट नसते. तसंच इथे मुदत एकदाच सात दिवस वाढवायची, मग जेवढ्यांनी मत दिलं तेवढ्यांवर निर्णय. सहा महिने रिव्ह्यू न केलेला मेंटेनर आपोआप ‘माजी’ होतो, त्याचं नाव राहतं, मत जातं. हे कलम नसेल तर दोन तृतीयांश कशाचे, हेच ठरत नाही.

नकाराला कारण हवं. अपाचेत कोडबदलाला एकाचं ‘उणे एक’ (विरोधी मत) ही अडवू शकतं, पण तांत्रिक कारण दिलं नाही तर ते धरत नाहीत. रिलीजला, म्हणजे नवी आवृत्ती सोडण्याला, मात्र व्हेटो (एकट्याने अडवण्याचा हक्क) नसतो: किमान तीन ‘अधिक एक’ (बाजूची मतं) आणि विरोधापेक्षा बाजूची मतं जास्त, झालं. ही विभागणी जशीच्या तशी घ्या.

एकाच कंपनीचं वजन वाढू नये म्हणून पायथनकडे बघा. पायथनचे जनक गुइडो व्हान रॉसम यांनी २०१८ मध्ये अखेरचा शब्द देण्याचं काम सोडलं, त्यानंतर पाच जणांची परिषद आली. एकाच कंपनीत नोकरीला असलेले दोनपेक्षा जास्त सदस्य त्यात चालत नाहीत.

आता किल्ल्या. मर्जचा हक्क आणि रिलीजचा हक्क वेगळे ठेवा. पायपीआयचं (पायथनच्या लायब्ररी जिथून उतरवतात त्या साइटचं) खातं, डोमेन, गिटहबवरची (रेपो ठेवतात त्या साइटवरची) मालकी, या प्रत्येकाला दोन वेगळ्या कंपन्यांतले दोन मालक, दोघांकडे टू-फॅक्टर (पासवर्डशिवाय दुसरी खातरजमा). २०१८ मध्ये ‘इव्हेंट-स्ट्रीम’ नावाच्या लायब्ररीच्या थकलेल्या मेंटेनरने मदतीला आलेल्या अनोळखी माणसाकडे हक्क सोपवले आणि पुढे त्यातून बिटकॉइन चोरणारा कोड घुसला. नव्या माणसाला रिलीजसाठी सहा महिने थांबवा, हे बरं. पण तेवढ्यावर विसंबू नका. २०२४ मध्ये उघड झालेल्या ‘एक्सझेड’ (फाइल दाबून लहान करणारं सॉफ्टवेअर) प्रकरणातल्या माणसाने दोन वर्षांहून जास्त काळ इमानेइतबारे काम केलं होतं. मागचं दार उघडणारी बिल्ड फाइल रिलीजच्या टारबॉलमध्ये (लोक उतरवून घेतात त्या गठ्ठ्यात) होती, गिटमध्ये, म्हणजे सगळ्यांना दिसणाऱ्या रेपोत, नव्हतीच. म्हणून रिलीज कुणाच्या लॅपटॉपवरून नको. रेपोत आवृत्तीचा टॅग (खूण) लावला की सीआयने, म्हणजे आपोआप बांधणी करणाऱ्या यंत्रणेने, रेपोतून बांधावं आणि पायपीआयच्या ट्रस्टेड पब्लिशिंग या सोयीने चढवावं. मग टोकन (चढवण्याची गुप्त किल्ली) सांभाळायची कटकटही उरत नाही.

शेवटचं कलम कोडवरच्या मालकीहक्काचं, आणि ते सगळे विसरतात. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे नोकरीचा भाग म्हणून लिहिलेल्या कोडचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणारी कंपनी असते. प्रत्येक कमिटवर (नोंदवलेल्या बदलावर) साइन-ऑफ, म्हणजे हा कोड द्यायचा मला हक्क आहे अशी लिहिणाऱ्याची ग्वाही, घ्या; त्यासाठी ‘git commit’ला छोट्या अक्षरातलं ‘-s’ जोडलं की भागतं. पण साइन-ऑफ त्या माणसाचं असतं, कंपनीचं नव्हे. सहभागी कंपन्यांकडून लेटरहेडवर एका परिच्छेदाचं परवानगीपत्र आधीच मागून घ्या. पोरगं नोकरी सोडून पुण्याला गेल्यावर ते मिळवणं महाकठीण.