लंडनला बेबीमेटल: आधी तिकीट, मग व्हिसा, मग विमान

जपानी बँड जपानमध्येच जाऊन बघायचा हट्ट मी केव्हाच सोडला. तिथली मोठ्या कार्यक्रमांची तिकिटं बहुतेक सोडतीनं निघतात, पहिला मान फॅन क्लबवाल्यांचा, आणि बऱ्याच तिकीट साइटवर नाव नोंदवायला जपानी मोबाइल नंबर लागतो. शिवाय २०१९ पासून तिकिटांचा काळाबाजार तिथं कायद्यानं गुन्हा आहे. तिथल्या चाहत्यांचं त्यात भलंच आहे, पण पुण्यात बसलेल्या माणसाला कुणाकडून जास्तीचं तिकीट मिळायची आशाही उरत नाही. म्हणून हे बँड परदेश दौऱ्यावर निघाले की आपण कान टवकारायचे. बेबीमेटलनं, म्हणजे हेवी मेटलवर नाचत गाणाऱ्या तीन जपानी मुलींच्या बँडनं, ३० मे २०२५ साठी लंडनचं ओटू अरीना जाहीर केलं आणि मी आतेबहिणीला फोन लावला. ती लंडनला किंग्जबरीत राहते.

ओटूत साधारण वीस हजार माणसं मावतात. याच बँडनं २०१६ च्या एप्रिलमध्ये वेम्ब्ली अरीनात कार्यक्रम केला होता, तो जागेच्या मानानं बराच लहान. त्यामुळे तिकिटाची धास्ती घेऊन लगेच कुठून तरी दुप्पट पैशांत उचलायची गरज नव्हती. तरी फॅन मंडळींच्या ग्रुपवर घबराट होतीच. पहिल्या दिवशी तिकीट साइटच्या नकाशावर हव्या त्या खुर्च्या राखाडी दिसल्या की लोकांना वाटतं सगळं संपलं. तसं नसतं. स्टेज, कॅमेरे, साउंडचं टेबल नेमकं कुठं येणार हे पक्कं होईपर्यंत आयोजक काही जागा अडकवून ठेवतात आणि त्यातल्या बऱ्याच शेवटच्या काही आठवड्यांत सोडतात. अरीनाच्याच तिकीट साइटवर रोज एकदा डोकावायचं, बस.

आमचं काम अर्थात भाओजींनी केलं. त्यांना या संगीतात काडीचाही रस नाही, पण त्यांचं मोबाइल कनेक्शन ओटू कंपनीचं. त्या ग्राहकांना या अरीनाची तिकिटं सर्वसाधारण विक्रीच्या आधीच घेता येतात. लंडनमध्ये ओळखीचं कुणी असेल तर क्षेमकुशल नंतर विचारा, आधी सिम कुठलं ते विचारा. इथून घेणार असाल तर बँकेच्या ॲपमध्ये कार्डाचे परदेशी व्यवहार आदल्या दिवशीच चालू करा, आणि किमतीवर बँक साधारण साडेतीन टक्के आणि वर जीएसटी लावते हेही धरून चाला.

पुनर्विक्रीबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण बहुतेकांचे पैसे इथंच बुडतात. गुगलवर बँडचं नाव आणि 'तिकीट' टाकलं की वर जाहिरातीत येणाऱ्या साइट बऱ्याचदा पुनर्विक्रीच्या असतात. ब्रिटनमध्ये २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्यानुसार अशा विक्रेत्यानं तिकिटाची मूळ किंमत आणि ब्लॉक, रांग, खुर्ची सांगितलीच पाहिजे. तो तपशील दिसत नसेल तर पुढं जाऊच नका. छापील किमतीपेक्षा जास्त दरानं विकायला बंदी घालायचा इरादा तिथल्या सरकारनं २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये जाहीर केलाय, तेव्हा तुमच्या वेळी नियम काय आहे ते बघून घ्या. घ्यायचंच तर अरीनाच्या अधिकृत पुनर्विक्रीतून घ्या. तिथं जुनं तिकीट रद्द होऊन तुमच्या नावावर नवं निघतं. आणि कुणी तिकिटाचा स्क्रीनशॉट विकत असेल तर तो कितीही गोड बोलो, नमस्कार करा. तिकीट फोनमधल्या ॲपमध्येच असतं आणि त्याचा बारकोड बदलत राहतो.

फोनवरून आठवलं. भारतीय सिमचं रोमिंग चालू ठेवा. तिकडचं सिम घातलं आणि लॉगिनचा ओटीपी पुण्याच्या नंबरवर जाऊन बसला, हा प्रकार अरीनाच्या दारात एका बेंगळुरूच्या मुलाच्या बाबतीत झालेला बघितला. सगळी तिकिटं एकाच फोनवर ठेवण्यापेक्षा ज्याची त्याला ॲपमधून आधीच पाठवून द्या.

व्हिसा. तिकीट आहे म्हणून व्हिसा मिळत नाही. बँक स्टेटमेंट आणि ऑफिसचं रजेचं पत्र यांनाच वजन. बोटांचे ठसे दिल्यापासून साधारण तीन आठवडे धरतात, उन्हाळ्याच्या सुट्टीत थोडे जास्तच धरा. ब्रिटनचा व्हिसा पॅरिस किंवा जर्मनीच्या कार्यक्रमाला चालत नाही, तिथं युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा शेंगेन व्हिसा वेगळा. विमान सगळ्यात शेवटी, आणि तारीख बदलता येईल असंच. एक्स जपान या जपानी रॉक बँडचं उदाहरण डोळ्यांसमोर ठेवा. त्यांचा वेम्ब्लीचा कार्यक्रम १२ मार्च २०१६ ला होता. गिटारवादक पाटा आजारी पडला आणि तो थेट ४ मार्च २०१७ वर गेला. तिकिटं चालली, पण सहा महिन्यांच्या व्हिसावर निघालेल्या माणसाला त्याचा काय उपयोग? कार्यक्रम रद्द झाला तरी परत मिळतात ते तिकिटाचे पैसे, विमानाचे नव्हे. म्हणून लंडनमध्ये आणखी एखादं काम, एखादा नातेवाईक, एखादं म्युझियम जोडूनच निघा.

हीथ्रो विमानतळावरून एलिझाबेथ लाइनच्या रेल्वेनं बाँड स्ट्रीट, तिथून मेट्रोची ज्युबिली लाइन. हीच ज्युबिली एका टोकाला किंग्जबरी-वेम्ब्ली पार्ककडं जाते आणि दुसरीकडं नॉर्थ ग्रिनिचला, म्हणजे ओटूच्या दारात. राहायची जागा या लाइनवर शोधा, मध्य लंडनच्या हॉटेलांचा नाद सोडा. शुक्रवारी आणि शनिवारी ती रात्रभर चालते. आमचा शुक्रवार होता, त्यामुळे शेवटच्या गाडीसाठी पळापळ नाही. इतर वारी कार्यक्रम असेल तर वेळापत्रक बघून ठेवा. ए-फोर कागदापेक्षा मोठी बॅग आत नेऊ देत नाहीत.

जागेबद्दल माझं मत: खाली उभं राहायची हौस असेल तर ठीक, पण बेबीमेटलमध्ये निम्मी मजा नाचात आहे आणि सहा फुटी ब्रिटिश काकांच्या पाठीमागून तो दिसत नाही. आम्ही खालच्या मजल्यावर बाजूला बसलो, फार छान दिसलं. वरचा चौथा मजला चांगलाच चढा आहे. उंचीची भीती असेल तर स्वस्त असला तरी नको. कानांत बोळे घाला.

आधी बँबी थग आणि पॉपी गाऊन गेल्या. मग दिवे गेले आणि वीस हजार हातांनी कोल्हा केला, ही या बँडची खूण: अंगठा, मधलं बोट, अनामिका जुळलेली, बाकी दोन ताठ. आतेबहीण लहानपणी भरतनाट्यम शिकलेली. ती कानात ओरडली, "अरे, ही तर सिंहमुख मुद्रा!" पॅचेस लावलेल्या डेनिमच्या जाकिटातले पन्नाशीचे मेटलवाले, कोल्ह्याचे मुखवटे घातलेल्या शाळकरी मुली आणि दिल्लीच्या ब्लडीवूड या मेटल बँडचा टीशर्ट घातलेली पोरं, सगळी एकाच रांगेत. ब्लडीवूडनं त्याच वर्षी बेबीमेटलबरोबर गाणं केलंय, त्यामुळे आपल्याकडचे बरेच नवे चाहते तिकडून आलेत. मुख्य गायिका सू-मेटलचा आवाज रेकॉर्डिंगपेक्षा प्रत्यक्षात जास्त धारदार आहे, आणि तिच्या दोन्ही बाजूंना नाचणाऱ्या मोआमेटल-मोमोमेटल दमतात कधी हे मला कळलेलं नाही.

टीशर्ट घ्यायचा असेल तर कार्यक्रमाच्या आधीच रांगेत उभे राहा. संपल्यावर गेलात तर उरतो फक्त डबल एक्सएल.