आधी सावली दिसते

गुरुवार, रात्रीचे साडेदहा

बूट आज धुतले. तीन दिवस बाल्कनीत तसेच पडून होते. बादलीत बुडवून हलवले तर तळाशी मूठभर पांढरी वाळू बसली. आपल्या गोदावरीच्या वाळूसारखी करडी नाही, पोवळ्यांचा आणि शिंपल्यांचा चुरा आहे तो. टाकवेना. तुळशीच्या कुंडीत ओतणार होतो, पण खारी आहे, तुळस जळायची. शेवटी लोणच्याच्या रिकाम्या बरणीत भरून ठेवली.

आईने बरणी पाहिली आणि जेवताना विचारलं, "एवढा उन्हात पाण्यात उभा राहिलास, मासा धरलास आणि सोडून दिलास? मग धरलास कशाला?"

उत्तर दिलं नाही. द्यायचं नव्हतं असं नाही, सापडलं नाही. म्हणून लिहायला बसलोय.

मॉरिशसला गेलो होतो कामासाठी. तिथे दक्षिणेकडच्या एका साखर कारखान्याला आमची कंट्रोल पॅनल गेली आहेत, ती बसवून चालू करून द्यायची होती. तिकडे गळीत हंगाम जूनमध्ये सुरू होतो, त्याआधी सगळं चालायला हवं. बगॅस, म्हणजे उसाची चिपाडं, जाळून वीज करतात, ती बेटाच्या ग्रिडला जाते. मळीचा वास अगदी निफाडकडचा. नकाशात पाहिलं तर नाशिक विषुववृत्ताच्या वर साधारण २० अंशांवर आणि हे बेट खाली साधारण २० अंशांवर. इथे मे महिन्यात डोकं तापतं, तिथे तेव्हा थंडीची चाहूल लागलेली असते आणि आग्नेयेकडचा वारा जोर धरू लागतो. तो वारा पुढे माझी परीक्षा घेणार होता.

कारखान्यातले शिफ्टचे मुख्य साठीला आलेले. पहिल्या दिवशी इंग्रजीत बोलले, मग माझं आडनाव वाचून थांबले आणि सावकाश म्हणाले, "आपण महाराष्ट्रातून आलात? आमचे पूर्वज रत्नागिरीकडचे." शाळेत शिकलेली, एकेक शब्द जपून ठेवणारी मराठी. घरी क्रिओल बोलतात, पण आरती मराठीत. गणेश चतुर्थीला तिथे सरकारी सुट्टी असते हे मला त्यांनीच सांगितलं. १८३४ पासून भारतातून मजुरांची जहाजं पोर्ट लुईला लागू लागली. ती माणसं जिथे उतरली तो आप्रवासी घाट आज जागतिक वारसा आहे. शिफ्टच्या त्या मुख्यांना मी काका म्हणू लागलो. त्यांना ते फार आवडलं.

काकांचा रविवार समुद्रात जातो. बोटीत नाही, पाण्यात उभं राहून. बेटाभोवती पोवळ्यांच्या खडकांचं कडं आहे, त्याच्या आत शांत, उथळ पाणी. त्या पाण्यात ते फ्लाय फिशिंग करतात, म्हणजे पिसांच्या नकली आमिषाने मासे धरतात. मी लहानपणी दारणेवर मामांबरोबर गळ टाकलेला, त्यामुळे मासे धरायचं मला काही नवं नाही असं वाटलं होतं. पण हे वेगळंच निघालं.

मामांच्या गळाला शिशाचा तुकडा असतो. वजन त्यात, त्याच्या ओढीने तंगूस पाण्यात जातो. इथे गळावर बांधलेले केस, पिसं, दोन बारीक मणी, सगळं मिळून वजन नसल्यासारखंच. फेकलंत तर पायाशी पडेल. म्हणून वजन दोरीत घातलेलं असतं. जाड, गुळगुळीत दोरी. काकांनी मला आठ नंबरची नऊ फुटी काठी दिली. त्या नंबरच्या दोरीच्या पहिल्या ३० फुटांचं वजन साधारण साडेतेरा ग्रॅम असतं, आणि काठी तेवढं वजन उचलून वाकावी अशीच बनवलेली. मला पहिल्यांदा शेतातली गोफण आठवली. बाजरीवरची पाखरं उडवायला मामा फिरवायचे ती. मी तशीच काठी फिरवायला लागलो आणि दोरी मानेभोवती आली. काकांनी मनगट धरलं. गोफणीत सोडायचं असतं, इथे थांबायचं असतं. काठी मागे नेऊन थांबवायची, दोरी मागे पूर्ण सरळ होऊ द्यायची आणि मगच पुढे आणायची. तेवढी क्षणभर कळ काढता आली नाही तर काहीच होत नाही. आठवडाभर रोज संध्याकाळी गेस्ट हाऊसच्या हिरवळीवर तेवढंच केलं. दिवसभर पॅनलवरचे आकडे, संध्याकाळी ते थांबणं. शुक्रवारी पहिल्यांदा दोरी मागे तणली हे हाताला कळलं. बघावं लागलं नाही.

पहिला रविवार ल मॉर्नला. नैर्ऋत्येच्या टोकाला समुद्रात घुसलेला ५५६ मीटरचा काळा कडा. गुलामगिरीतून पळालेली माणसं त्याच्या कपारीत लपून राहायची, म्हणून तोही वारसास्थळ आहे. त्याच्या पायथ्याशी गुडघाभर पाणी, दूरवर पांढऱ्या लाटांची रेघ, तिथे पोवळ्यांचं कडं संपतं.

पाय उचलून टाकायचे नाहीत, वाळूत घासत सरकवायचे. वाळूखाली पाकट असलं तर धक्क्याने सरकून जातं, पण वर पाय पडला तर काटा मारतं. खडकाळ जागी तर जाड तळाच्या बुटाशिवाय उतरायचंच नाही, कारण स्टोनफिश दगडासारखाच दिसतो आणि त्याच्या पाठीच्या काट्यांत भयंकर विष असतं. हे सगळं सांगून काकांनी मला त्यांचा जुना पोलरॉइड चष्मा दिला, तांबूस काचांचा. पाण्यावरची चमक तो कापतो. मग म्हणाले, "पाण्याकडे पाहू नका. पाण्याखालची जमीन पाहा."

पाच तास पाहिली. मला एकही मासा दिसला नाही. काका "गेत ला!" म्हणजे "ते बघ" म्हणायचे, बोट दाखवायचे, आणि मला फक्त वाळूचा उडालेला धूर दिसायचा. आम्ही शोधत होतो त्या बोनफिश माशाचे खवले आरशासारखे असतात. खाली जी वाळू आहे तीच त्याच्या अंगावर उमटते. मासा दिसतच नाही. दिसते ती सावली, आणि तीही सूर्य पाठीशी असेल तेव्हाच. ढग आला की सगळं पुसलं. त्या दिवशी मी रिकाम्या हाताने आलो, पण रात्री डोळे मिटले की ती हलणारी वाळू दिसत राहिली. आयुष्यभर गंगेच्या काठावर राहिलो (आम्ही नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो), पूर आला की पाणी दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागलं का ते बघायला धावलो, पण पाण्याच्या आत कधी डोकावलो नव्हतो. हे मला तिथे, एवढ्या लांब जाऊन कळलं.

दुसऱ्या रविवारी वारा जास्त होता. उजवीकडून येऊन दोरी थेट माझ्या अंगावर आणायचा. दहाच्या सुमारास उन्हाची तिरीप पडली आणि मला ती दिसली. काकांच्या आधी. एक लांबट राखाडी सावली, तिच्यावर कोणी नाही, आणि ती चालतेय. मग डोकं खाली घालून वाळूत खेकडे शोधताना त्याची शेपटी पाण्याबाहेर आली. काचेचा तुकडा चमकावा तशी.

टाकला. बऱ्यापैकी पडला, दोन हात पुढे. दोरी थोडी थोडी ओढायची म्हणजे गळ कोलंबीसारखा उड्या मारतो. सावली वळली, मागे आली. दोरी जड झाली, आणि मी काठी वर झटकली. मामांनी शिकवलेला झटका, चाळीस वर्षं हातात मुरलेला. गळ त्याच्या तोंडातून सुटून आला. इथे काठी उचलायचीच नसते, डाव्या हाताने दोरी सरळ मागे ओढायची असते. काका काही बोलले नाहीत. फक्त माझा डावा हात धरून एकदा मागे नेला.

तासाभराने दुसरा. यावेळी काका पाठीशी ओरडले, "राले! राले!" म्हणजे ओढ. मी डाव्या हाताने ओढलं. त्यानंतरची दहा सेकंदं नीट लिहिता येणार नाहीत. गुडघाभर पाण्यात माशाला खाली जायला जागा नसते, तो सरळ धावतो. रीळ किंचाळलं, सगळी जाड दोरी गेली, तिच्यामागची बारीक दोरी निघाली, पाण्यावर एक रेघ कापत गेली. काका हळू आवाजात म्हणत होते, "दुसमां, दुसमां." हळू. दोनदा जवळ आला, दोनदा परत गेला.

कोपरापासून बोटांच्या टोकांएवढा होता. त्याच्यात एवढं बळ कुठून आलं? काकांनी त्याला पाण्याबाहेर काढू दिलं नाही. हात ओले करायला लावले, कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा चिकट थर निघतो. गळाचा मागचा काटा आधीच पकडीने दाबून टाकलेला होता, त्यामुळे तो सहज निघाला. मग माशाला पोटाखालून धरून तोंड प्रवाहाकडे करून उभा राहिलो. थकलेला मासा लगेच सोडला तर तो भेलकांडतो आणि बॅराकुडा किंवा शार्क त्याला उचलतो. म्हणून वाट पाहायची. कल्ले उघडत होते, मिटत होते. एका क्षणी त्याचं अंग माझ्या हातात घट्ट झालं आणि तो गेला.

आईचा प्रश्न इथलाच आहे.

काकांना मी परतताना गाडीत तोच विचारला होता. ते म्हणाले, त्यांचे वडील धरलेला मासा घरी आणून खायचे, ते बरोबरच होतं. आता त्या पाण्यात पूर्वीइतके मासे नाहीत, म्हणून ते सोडतात. मग बराच वेळ गप्प राहून त्यांनी २०२० चं सांगितलं. २५ जुलैला आग्नेयेकडे पॉइंट देस्नीजवळ वाकाशिओ नावाचं जहाज खडकावर चढलं आणि पुढे त्यातून साधारण १,००० टन तेल समुद्रात गेलं. लोकांनी वाट पाहिली नाही. उसाचं पाचट कापडात भरून लांब वळकट्या शिवल्या आणि तेल अडवायला पाण्यात सोडल्या. कारखान्यातली माणसं ट्रॉलीने पाचट नेत होती, त्यात काका होते. आपल्याकडे पाचट शेतात पेटवून देतात. त्याने समुद्र अडवला असेल ही कल्पनाही मी केली नव्हती.

पण हे आईच्या प्रश्नाचं उत्तर नाही. मासे कमी आहेत म्हणून सोडला, ठीक. मग धरला कशाला, ते उरतंच. त्याच्या तोंडात लोखंड घातलं, दमवलं, आणि मला आनंद झाला. खूप आनंद झाला, हे लपवत नाही. त्या आनंदाचा हिशोब लागत नाहीये. झोप येईना तर बरणी परत उघडून बघितली.

शनिवार

सकाळी चष्मा लावून रामकुंडाच्या खालच्या बाजूला जाऊन आलो. पाणवेली, निर्माल्य, तरंगणाऱ्या पिशव्या. पाण्याखालची जमीन दिसत नाही. वाईट वाटलं. जास्त लिहीत नाही.

रविवार, रात्र

मामांकडे गेलो होतो. दारणाकाठी. वळवाचा एक पाऊस होऊन गेलाय, पाणी अजून गढूळ झालेलं नाही. मामा आता ७६ चे, गुडघे दुखतात, तरी म्हणाले, "चल, डोहावर जाऊ." काठी नव्हती, दोघांकडेही नाही. मी त्यांना सगळं सांगितलं, आईचा प्रश्नसुद्धा.

मामा म्हणाले, "आम्ही पोटासाठी धरायचो. लहान लागला तर सोडायचो, वाढू दे म्हणून. आणि चढणीच्या माशाला माझ्या आईने कधी हात लावू दिला नाही, पोटात अंडी असतात." मग जरा वेळाने, "तुला भूक नव्हती. तरी धरलास. ते मला नाही पटत."

मला राग आला नाही. त्यांचं चूक आहे असंही वाटलं नाही. पण पुढच्या वर्षी हंगामाआधी पुन्हा जायचं आहे आणि काका वाट बघणार आहेत. मी पुन्हा पाण्यात उतरणार हे मला इथे लिहितानाही ठाऊक आहे.

"पण मामा, मला दिसायला लागलंय," एवढंच म्हणालो आणि चष्मा त्यांना दिला.

त्यांनी तो आपल्या चष्म्यावरच चढवला, हाताने धरून ठेवला. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग हनुवटीने दाखवलं, "त्या खडकाच्या उजव्या अंगाला बघ."

चष्म्याशिवाय मला नुसती चमक दिसत होती. मान वाकडी केली, सूर्य पाठीशी घेतला. आधी पाण्याच्या पृष्ठावर तांबूस, बारीक काहीतरी वळवळताना दिसलं, पावसाचे थेंब पडावेत तसं. मग त्याच्या खाली हातभर लांब काळी सावली. मरळ. पिल्लांचा घोळका वर श्वास घ्यायला येत होता आणि ती खाली राखण करत उभी होती. घोळका हातभर सरकला की तीही सरकायची.

"अशा वेळी गळ टाकला तर ती अंगावर धावून येते," मामा अगदी हळू म्हणाले. "भुकेने नाही. पिल्लांसाठी. आमच्यात अशी मरळ कोणी धरत नसे."

ढग आला. पाणी करडं झालं आणि सगळं दिसेनासं झालं. मामांनी चष्मा काढला नाही. ऊन परत येईपर्यंत आम्ही तिथेच बसून राहिलो.