कन्व्हिक्टची जोडी आणि कुंडीचं तोंड

कन्व्हिक्ट सिक्लिड या टँकमध्ये पाळल्या जाणाऱ्या माशाची अंडी मिळवायला खटपट लागत नाही. वयात आलेली जोडी, २६-२७ अंश पाणी आणि आडवी ठेवलेली मातीची कुंडी, एवढं पुरतं. पोटावर नारिंगी झाक दिसते ती मादी. नर मोठा, त्याचे पंख टोकदार. मासा मूळचा मध्य अमेरिकेतला, त्यामुळे इंदूरचं बोरिंगचं जड (क्षार जास्त असलेलं) पाणी त्याला छान मानवतं. नर्मदेचं नळाचं पाणी वापरत असाल तर क्लोरीन काढूनच घाला. आणि इथल्या डिसेंबर-जानेवारीच्या रात्री हीटरशिवाय निघत नाहीत.

गाडं अडतं ते जागेवर. दोन फुटी टँक म्हणजे जेमतेम ५५ लिटर. तो अख्खा जोडीच्या मालकीचा होतो आणि बाकीचे मासे फाटक्या पंखांनी वरच्या कोपऱ्यात लटकतात. इतर मासे ठेवायचेच असतील तर तीन फुटांच्या खाली जाऊ नका. कुंडी मधोमध तर अजिबात नको, कारण तिथून चारही बाजूंना हल्ला होतो. ती एका टोकाला ठेवा, तोंड बाजूच्या काचेकडे, मध्ये चार बोटं जागा. पुढे उभे दगड असे रचा की पलीकडचं दिसणार नाही. जो मासा नजरेस पडत नाही, त्याच्यामागे नर धावत नाही.

मादी तयार नसेल तर नर तिलाच झोडपतो. त्याला शिरता येणार नाही इतक्या अरुंद पाइपचा तुकडा तिच्यासाठी टाका. तरी थांबला नाही, तर जाळीचा पडदा घालून आठवडाभर वेगळं ठेवा.

अंडी कुंडीच्या आतल्या बाजूला चिकटतात. मादी पंखांनी त्यांवर सतत पाणी खेळवते, पांढरी पडलेली वेचून खाते. पहिली खेप बहुधा दोघं मिळून फस्त करतात. घाबरू नका, पुन्हा घालतील. साधारण तीन दिवसांनी अंडी फुटतात आणि वळवळणारी पिल्लं तोंडात धरून वाळूतल्या खड्ड्यात हलवली जातात. या दिवसांत टँकमध्ये हात घालू नका, मोठं पाणीही बदलू नका. चार-पाच दिवसांनी पिल्लं पोहू लागली की अंड्यातून नुकतेच निघालेले ब्राइन श्रिम्प (खाऱ्या पाण्यातले बारीक जीव) द्या. उकडलेल्या अंड्याचा बलक पाणी नासवतो. फिल्टर स्पंजचाच हवा, नाहीतर पिल्लं ओढली जातात. आई तळाशी बसून पंख फडफडवते, गाळ उडतो, आणि पिल्लं त्यातलं टिपायला झुंडीनं येतात. हे पाहण्यासाठी कुंडीच्या बाजूची काच मोकळी ठेवा.

एका खेपेला शंभरावर पिल्लं सहज होतात आणि दुकानदार लवकरच नको म्हणतात. ती सिरपूर किंवा यशवंत सागरात सोडू नका. दोन्ही तलाव रामसर यादीतले, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांपैकी, तिथं परका मासा नकोच. पिल्लं नको असतील तर नर आणि मादी वेगवेगळ्या टँकमध्ये ठेवा. नुसती कुंडी काढून भागत नाही, सपाट दगडावरही घालतात.