वरचं पाणी, खालचं पाणी

शिडी गाडीच्या टपावर बांधून फ्लोरिडातल्या टँपाहून केप कोरलला निघाले, तेव्हा पहाटेचे पाच वाजले होते. खरं तर हे वादळ आमच्याच अंगावर यायचं. सुरुवातीचे अंदाज टँपाकडे बोट दाखवत होते, आम्ही खिडक्यांना फळ्या ठोकून बसलो होतो, आणि इयन वादळाची वाट दक्षिणेला सरकली. २८ सप्टेंबर २०२२ ला दुपारी तीनच्या सुमारास ते कायो कोस्टा बेटावर धडकलं, ताशी २४० किलोमीटरचा वारा घेऊन. आता पंधरवडा उलटला होता आणि मी दिवसाला चार घरं बघत होते. मी विम्याची ॲडजस्टर. कंपनी पाठवते, मी नुकसान मोजते.

त्या दिवशीचं दुसरं घर कालव्याच्या काठचं, बैठं. दारापुढे ओल्या गाद्या, सोफा, भिंतीचे फुगलेले बोर्ड यांचा ढीग. तो त्या गल्लीत प्रत्येकाच्याच दारात होता, पण या ढिगावर एक पाट पडला होता, जेवायला बसायचा. मग कागदावरचं मोडकंतोडकं इंग्रजी आडनाव मी पुन्हा वाचलं.

काका सत्तरीतले, मूळचे श्रीवर्धनचे. “मराठी? मग झालंच आपलं काम,” असं ते म्हणाले आणि मला धस्स झालं. बाहेर येऊन सुपरवायझरला फोन केला. ओळख नाही, नातं नाही, भाषा तेवढी एक. तो म्हणाला, “जा पुढे, फोटो जास्त काढ.”

काकांनी पॉलिसी झिपच्या पिशवीत जपून ठेवली होती. पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत ‘हरिकेन’ आणि समोर दोन टक्के. काकांनी त्यावर बोट ठेवलं. “हे बघ, हरिकेनचा विमा आहे.” ती ओळ नेमकी उलटी होती. ते हरिकेन डिडक्टिबल होतं. घराचा विमा ३,८०,००० डॉलरचा, त्याचे दोन टक्के, म्हणजे पहिले ७,६०० डॉलर काकांनी स्वतः सोसायचे. नुकसानीचे दोन टक्के नव्हेत, विम्याच्या रकमेचे. हे सांगताना मी इतके चेहरे उतरलेले पाहिलेत की ती ओळ लिहिणाऱ्याला एकदा माझ्याबरोबर दारोदार फिरवावं असं दर वादळात वाटतं.

आत शिरले आणि भिंतीवरची रेघ दिसली. मी सांगलीची. २०१९ च्या पुरानंतर माहेरच्या भिंतीवर अशीच रेघ होती, त्यामुळे टेप लावायच्या आधीच पोटात कळतं. बावीस इंच. रेघेखाली सगळं तपकिरी, चिखलाचा बारीक थर, मिठाचा पांढरट पापुद्रा. हे कालव्यातून चढलेलं समुद्राचं पाणी. घराच्या साध्या पॉलिसीत ते बसत नाही, वाऱ्यानं ढकलत आणलेलं असलं तरी नाही. त्यासाठी पुराचा विमा वेगळा घ्यावा लागतो. सरकारी योजनेत तो घरासाठी जास्तीत जास्त अडीच लाख डॉलरचा मिळतो आणि सामानासाठी एक लाखाचा. काकांकडे होता की तो! गृहकर्ज फिटलं, बँकेची सक्ती संपली, आणि त्यांनी बंद केला. वादळाची बातमी आल्यावर पुन्हा चौकशी केली, तर कळलं की घेतल्यावर साधारणपणे तीस दिवस तो लागूच होत नाही.

“मी सांगत होते,” काकू म्हणाल्या. विजेचा बोर्ड भिजला होता, म्हणून त्या अंगणात कॅम्पिंगच्या शेगडीवर चहा करत होत्या.

छतावर चढले. मागच्या उतारावरच्या शिंगल्स, म्हणजे कौलांसारख्या पट्ट्या, उडाल्या होत्या, खालची फळकुटं उघडी. तिथून पाऊस थेट काकांच्या अभ्यासाच्या खोलीत उतरला होता आणि छताचा बोर्ड पुस्तकांच्या कपाटावर कोसळला होता. या कपाटापाशी मी अर्धा तास काढला. पाच फळ्या. खालच्या दोन खाऱ्या पाण्यात बुडालेल्या, वरच्या तीन पावसानं भिजलेल्या. एकच कपाट, एकाच दिवशी भिजलेलं, पण माझ्या कागदावर त्याचे दोन तुकडे. भिंतीचंही तेच. बोर्ड आडवे बसवलेले असतात, चार-चार फुटांचे. खालचा पुराचा, वरचा पावसाचा. काढायचे दोन्ही, पैसे वरच्याचे.

काका जवळ येऊन हळूच म्हणाले, “एवढं काय निरखतेस? लिही ना, सरकतं दार वाऱ्यानं फुटलं आणि पाऊस आत आला. पाणी ते पाणी.”

दाराची काच शाबूत होती, खाचेत चिखल होता.

“पावसाला मीठ नसतं, काका.”

ते चिडले. “२०२० च्या जूनमध्ये निसर्ग आलं, तेव्हा भावाच्या घरावरचे पत्रे गेले, वाडीतल्या पोफळी गेल्या. तलाठी आला, पंचनामा केला. त्यानं नाही विचारलं पाणी वरून आलं का खालून!”

“आणि हातात पडलं किती, तेही सांगा तिला,” अंगणातून आवाज आला.

काका गप्प झाले. मी चहा घेतला, उभ्यानंच.

मागच्या झोपायच्या खोलीबद्दल त्यांनी काही मागितलंच नव्हतं. ती पुरातच गेली असं दोघांनीही धरून चाललेलं. पण छताच्या कोपऱ्यात, ओल्या कपाचा टेबलावर उमटतो तसा, पिवळसर गोल डाग होता. ओल मोजायचं यंत्र लावलं तर ते ओरडायला लागलं. बाहेर जाऊन पाहिलं. वळचणीखालची सॉफिटची पट्टी चारेक फूट उडालेली. टॉर्च घेऊन माळ्यावर सरपटत गेले, तर छतावर पसरलेला इन्सुलेशनचा कापूस त्या भोकापासून आतपर्यंत ओला गच्च. पाऊस घरात आला एवढ्यानं भागत नाही, आधी वाऱ्यानं भोक पाडलेलं हवं आणि पाऊस त्याच भोकातून आलेला हवा. इथे भोक होतं, आणि उजेडही त्यातूनच येत होता. चौदा फोटो काढले. छत, कापूस, भिंतीचा वरचा भाग, रंग, सगळं अंदाजपत्रकात चढवलं. तरणतलावावरचा जाळीचा पिंजरा मात्र पॉलिसीतूनच वगळलेला होता, आणि काकांची खरी भिस्त त्याच्यावर होती.

गाडीत बसून आकडे जुळवले. दुरुस्ती ३४,२०० डॉलर. अकरा वर्षांच्या छताचा आणि बाकीचा घसारा ६,९०० (तो काम होत जाईल तसा मिळतो), डिडक्टिबल ७,६००. पहिला चेक १९,७०० चा. पुरात गेलं ते याहून कितीतरी जास्त.

जाताना दोनच गोष्टी सांगितल्या. दारोदार फिरणाऱ्या छतवाल्यांच्या कागदावर न वाचता सही करू नका, त्यात दाव्याचा हक्कच लिहून घेतलेला असू शकतो. आणि पुराच्या भागाला कंपनीकडून नकाराचं पत्र येईल, ते फाडू नका. फेमाकडे, म्हणजे सरकारच्या आपत्ती-मदत खात्याकडे, मदत मागताना ते लागतं.

“नकार जपून ठेवायचा?” काकांना हे काही केल्या पटेना. काकूंनी पॉलिसी बाहेर काढली आणि झिपची पिशवी पुसून टेबलावर ठेवली, पत्रासाठी.

सामानाची यादी पंधरा दिवसांनी ईमेलवर आली. वरच्या तीन फळ्यांवरची पुस्तकं एकेक करून, घेतल्याचं वर्ष, किंमत. सगळ्यात शेवटी खालच्या दोन फळ्या: मुलांच्या फोटोंचे आल्बम, चार. आईच्या हातची पाककृतींची वही, एक. किमतीचा रकाना मोकळा.

मी ती पानं तशीच फाइलला जोडली.